तू एकदा वाच ना

१२ मार्च, रविवार

प्रिय दादा,

तुला नमस्कार आणि वहिनीला घट्ट मिठी. नेहमीप्रमाणे वहिनी हे मोठ्याने वाचत असणार आणि तू कुणाच्या तरी पंपाची मोटर उघडून बसला असशील. वहिनी, त्याला आधी हात धुवायला लाव. आज नीट ऐकायचंय.

तुमची भिंगरी माझ्याकडे मजेत आहे. आत्ता गॅलरीत चेंडू आपटतेय आणि खालच्या काकू वर बघून डोळे वटारतायत. माझी कंबर नेहमीसारखी कुरकुरतेय. ऑफिसातलं कॉफीचं मशीन पुन्हा बंद पडलंय, तुझी आठवण काढत असेल.

बरं, किती वेळ इकडचं तिकडचं लिहिणार! मुद्द्यावर येते.

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरचा प्रोग्राम काय करतो ते तुला सांगितलंच आहे. पुष्कळ मुलांचं वाचन ऐकून तो शिकलाय. मूल कुठे अडखळतं, कुठला शब्द पुन्हा धरतं, यावरून त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही अक्षरं वाचायला जड जाणं, असू शकतो का, एवढं तो सुचवतो. पुढचं तज्ज्ञ बाई तपासतात. भिंगरीने हत्तीच्या आंघोळीचा उतारा घडाघडा म्हटला, हिरवी खूण आली आणि मी वेडीने लगेच तुला फोन केला, "काही नाहीये तिला!"

तू म्हणालास, "म्हणजे नुसता आळस. जूनपासून वसतिगृहात टाकतो, होईल सरळ."

दादा, ती हिरवी खूण चुकली होती.

परवा सहज तिचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्यात पान उलटल्याचा आवाज उशिरा येतो. पुढच्या पानावरचं वाक्य ही बया आधीच म्हणून मोकळी! आमच्या तपासणीच्या खोलीचं दार नीट लागत नाही. बाहेर बाकावर बसून आधीच्या मुलांचं ऐकलं आणि अख्खा उतारा पाठ केला. आमच्या एवढ्या शहाण्या प्रोग्रामला पोरीने चक्क गुंडाळलं. आधी मला हसू आलं, मग रडू.

काल मी नवा उतारा लिहून तिच्यापुढे ठेवला. पहिल्याच शब्दाखाली बोट ठेवलं, ते तिथून हलेना. कपाळावर घाम. मग लाडात येऊन म्हणाली, "आत्या, तू एकदा वाच ना, मग मी वाचते."

दादा, हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.

जेवणाच्या टेबलाखाली बसून तू मला हेच म्हणायचास. खिशातले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवायचास, मी तुझा धडा वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तू वर्गात पुस्तक उघडून तो म्हणायचास. एकदा मास्तरांनी मधूनच वाचायला सांगितलं. मग तिथे छडी, घरी बाबांचा मार, आणि दोन्हीकडे एकच शब्द, आळशी.

वहिनी, थांबलीस का? वाच गं, वाच. तो चष्मा विसरलो म्हणतो आणि तू वाचून दाखवतेस. तुला ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे. कुणी तोंडाने बोललं नाही, एवढंच.

दादा, तू आळशी नव्हतास. मी तेव्हा एवढीशी होते, मला हे कळत नव्हतं, नाहीतर मास्तरांना जाऊन चावले असते. तू आळशी नव्हतास रे. आणि तीही नाही.

नव्या उताऱ्यावर लाल खूण आलीये. तज्ज्ञ बाईंनी पुढच्या सोमवारी बोलावलंय, आईबाबांपैकी एकाने यायचंय. तू ये. वहिनीला पुढे करू नकोस आणि पंपाचं कारण तर मुळीच सांगू नकोस. काल झोपताना भिंगरी मला विचारत होती, "बाबांना हे कळलं तर ते मला घरी ठेवतील ना?" तिला वाटतंय, आपल्या घरात अशी ती एकटीच. ती एकटी नाही हे तिला माझ्याकडून नको कळायला. तुझ्याकडून कळू दे.

तो नवा उतारा सोबत पाठवतेय. येशील तेव्हा घेऊन ये. तिच्या शेजारी बसून दोघं मिळून वाचा, संध्याकाळ गेली तरी चालेल. अगदीच अडलात तर हाक मार. शेंगदाणे मात्र घेईन.

अजूनही एकदा वाचून दाखवायला बसलेली,
तुझी धाकटी