सूर्यभान पाटलाचा ओटा

चांदूर रेल्वे,
ता. १४ फेब्रुवारी १९६७

प्रिय बाई,

सप्रेम जयभीम. इकडे माय अन् मी बरे आहोत. अकोल्यात भाऊजी अन् लेकरं खुशाल असतील. तुझं डोकं दुखणं कमी झालं का?

माह्या लाकडी पायाची आता सवय झाली. लढाईत हातपाय गमावलेल्या आमच्यासारख्यायले शिवणकाम, सुतारकाम शिकवाचं केंद्र निघून राहिलं. त्याची जागा पाहाचं काम कमिटीनं मलेच देलं. अमरावती पालथी घातली, धामणगाव पालथं घातलं. लंगड्यालुळ्यायले जागा द्याले कोणी तयार नाही. शेवटी एक भेटली. कोणाची ते तुले सांगू का नको, याचाच इचार करून राहिलो होतो.

सूर्यभान पाटलाचं कापसाचं गोदाम.

कागद फाडू नको, पुढचं वाच. पाटील सोता घरी आला. म्हणे, "देवमन, जागा फुकट घे. पुढच्या ओट्याले तेवढा हात लावू नको. पायऱ्या उंच आहेत. मागचं दार सपाट आहे, तुमाले तेच सोयीचं." कमिटीचे साहेबबी म्हणे, बरोबर आहे.

बरोबर तर होतंच. पण माह्या डोळ्यापुढं तू आली. कापसाचं गाठोडं वाहून दमली, म्हणून त्या ओट्यावर टेकली होती. एवढीशी पोर तू, अन् त्यानं लाथ मारली. कपाळ फुटलं. तुझ्या रक्तावर त्यानं गोमूत्र शिंपडलं, अन् आपला बाप मागच्या दारी हात जोडून उभा. मी मायच्या लुगड्याले धरून पाहत होतो. हे मी लढाईतबी विसरलो नाही, बाई.

मी म्हटलं, "ओटा फोडून उतार करू द्या, नाही तर जागा ठेवा तुमच्यापाशी." साहेब डोळे वटारून राहिले होते. जागा गेली असती तर सारे माह्यामुळं उघड्यावर पडले असते. तरी हटलो नाही.

नाक दाबल्याबिगर तोंड उघडत नाही. पाटलाचा पोरगा रामराव लढाईतून दोन्ही पाय गमावून आला. तोबी आमच्यासंगच शिकणार आहे. मी एवढंच इचारलं, "रामरावले मागच्या दारानं नेता का, पाटील?"

पाटलानं मान खाली घातली. मंग म्हणे, "फोड."

रामरावचं वाईट वाटते. त्याच्या बापाचं नाही वाटत. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

येत्या रविवारी ओटा फोडतो. मजूर सांगितला नाही, पहार आणून ठेवली. पाटलाले समोर बसाले खुर्ची मांडतो. पहिला घाव तुझा. सकाळच्या गाडीनं ये, अन् कपाळावरचा पदर मागं सारून ये.

त्याच ओट्यावर बसून लिहिणारा,
तुझा लहाना भाऊ
देवमन