पानात नसलेला वास

१२ फेब्रुवारी

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही तेलाच्या भट्टीत घालता त्या झुडपाचं पान चुरडलं तर मिरीसारखा तिखट वास येतो आणि त्याच पानाच्या तेलाला मेणासारखा गोड, मग हा गोडवा पानात होता तरी कुठे? तुमचा हा प्रश्न घेऊन मी तीन दिवस बसले आहे आणि मला उत्तर येत नाही. घरातली एकुलती एक पदवीधर असून येत नाही, हे आईला सांगू नका.

पुस्तकाप्रमाणे गोडवा पानातच हवा. पानात पंधरा कार्बनांची एक सैल साखळी असते. एन्झाइमच्या पोटात एक खोबण असते. साखळी तिच्यात शिरते, दुमडते, जोडली जाते आणि टर्पीन, म्हणजे वासाचं द्रव्य, होऊन बाहेर पडते. खोबण बदलली की टर्पीन बदलतं, म्हणून तर झाडागणिक वास वेगळा. तुमच्या झुडपाचं एन्झाइम एलिमीन नावाचं गोडसर टर्पीन बनवतं, असं आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी तीन वर्षांपूर्वी छापलं आहे. वासाची द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या मशीनच्या आलेखावर त्याचा उंच सुळका मी स्वतः चाळीसदा पाहिला आहे. तेव्हा रागावू नका, पण पंचवीस वर्षं भट्टीच्या वाफेपुढे उभं राहून तुमचं नाक बोथट तर झालं नसेल?

रागावलात तरी पत्र पाठवा.
तुमची,
ठिणगी


१९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

नाक बोथट झालं असतं तर मालकाने मला तेलाच्या भट्टीवर ठेवलं नसतं, फाटकावर बसवलं असतं. शिकलीस ते बापाच्या नाकाला नावं ठेवायला का? चाळीसदा आलेख पाहिलास म्हणतेस. त्यात एकदा तरी पान हुंगलंस का?

नीट वाच. आच मंद असली की तेलात तिखटपणा टिकतो. आच वाढवली, पाला जास्त वेळ ठेवला, की गोड होतं. हे भट्टीवरच्या नवख्या पोरालाही महिन्याभरात कळतं. ओल्या फडक्यात पाला बांधून पाठवतो आहे. आधी चुरड, मग तापव, मग मला शिकव.

तुझी आई म्हणते जेवण वेळेवर कर. मी काही म्हणत नाही.
आबा


२ मार्च

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

नाकाबद्दल मला माफ करा. चूक तुमच्या नाकाची नव्हती, आमच्या मशीनच्या तोंडाची होती.

नमुना सुईने जिथे सोडतो, ते मशीनचं तोंड आम्ही अडीचशे अंशांवर तापवून ठेवतो. सगळे तसंच करतात, म्हणून मीही कधी विचारलं नाही. मी ते शंभरावर आणलं आणि गोड सुळका जवळपास बसला. त्याच्या जागी दुसराच उभा राहिला, जर्माक्रीनचा. एन्झाइम बनवतं ते हे, एक मोठं, ताणलेलं कडं. त्याला उष्णता लागली की ते आपलं आपणच आतले जोड बदलतं आणि एलिमीन होतं. वजन तेच, घडण वेगळी. चाळीस वेळा मी नमुना एका बोटभर भट्टीत टाकला आणि भट्टीने केलेलं काम एन्झाइमच्या नावावर लिहिलं. भट्टीवाल्याच्या मुलीने!

सरांना दोन्ही आलेख दाखवले. ताजं पान चुरडून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उठून खिडकी उघडली. म्हणाले, तापमान लेखात लिहिलेलंच असतं, ज्याला शंका येईल तो करून बघेल. नवा लेख याच महिन्यात जाणार आहे, जुन्यावरच रचलेला, आणि त्यावर दुसरं नाव माझं आहे. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची आहे, याची आठवण त्यांनी दोनदा करून दिली, तीही हसत. आबा, त्या हसण्याने माझं डोकं अजून भणभणतं आहे. चूक झाली तर माणूस सुधारतो. हा माणूस चुकीला कुलूप लावतो आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणतो, सांभाळ.

पाला बर्फात ठेवला आहे. तुमच्या रागाची वाट पाहते, मला तो हवा आहे.
ठिणगी


८ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सरांना एकदा माझ्या भट्टीपुढे उभं कर, खिडकी नाही तिथे.

तरी सांगतो, गप्प बस. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तीन महिने राहिलेत. सही होऊ दे, मग तोंड उघड. मालक करपलेल्या तेलावर उत्तम मालाची चिठ्ठी लावायचा तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून तुझी कॉलेजची वर्षं निघाली. ते चांगलं होतं असं म्हणत नाही. निघाली एवढं खरं.

प्रश्न मी विचारला हीच माझी चूक. आणि माझा उल्लेख कुठे करू नकोस. सातवी शिकलेल्याने दाखवलं म्हटलं तर तुलाच हसतील.

माझं ऐक. आशीर्वाद आहेतच, ऐकलं नाहीस तरी.
आबा


१४ मार्च

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं, एक दिवस उशिरा.

नवा लेख परवा गेला. काल सकाळी मी मासिकाच्या संपादकांना लिहिलं की या लेखावरून माझं नाव काढा. सोबत दोन आलेख जोडले, एक तापलेल्या तोंडाचा, एक थंड. जुन्या लेखासाठीचे चाळीसही नमुने मीच टोचले होते, तेव्हा पहिली चूक माझी, हेही लिहिलं. प्रत सरांच्या टेबलावर ठेवली, पान ठेवलं होतं त्याच जागी. सरांनी दारातच सांगितलं की तुझं टेबल रिकामं कर. केलं. मग दुसऱ्या विभागातल्या एका प्राध्यापक बाईंकडे गेले; त्यांनी दोन्ही आलेख शांतपणे पाहिले आणि सोमवारी या म्हणाल्या. त्याहून जास्त काही म्हणाल्या नाहीत, आईला जास्त सांगू नका.

तुम्ही गप्प बसलात म्हणून मी शिकले, हे मला माहीत आहे. म्हणूनच मला गप्प बसता येईना. रागवा, पण राग लिहून पाठवा, मनात ठेवू नका.
तुमची,
ठिणगी

ता. क. तुमचा उल्लेख नको म्हणता. तोही कालच गेला. पत्राची शेवटची ओळ अशी आहे: आच वाढली की या पाल्याचा वास बदलतो, हे पंचवीस वर्षं भट्टीवर असलेल्या माझ्या वडिलांनी मला सांगितले.