बहात्तर गुणांची निरक्षर

चिरंजीव मास्तरास थोरल्या ताईचे अनेक आशीर्वाद.

कारणाकडे येतेच, आधी तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझे आहेत तसेच आहेत, म्हणजे अजून आहेत. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघी बऱ्या. पत्र मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. मधेमधे पेन थांबवून विचारते, आजी, हे खरंच लिहू? मी म्हणते, लिही. (लिहिलं की नाही ते मला कळायचं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या इमानावर वाचत आले, आता हिच्या इमानावर.)

तर या नातीला पदवीला जायचं आहे, आणि तेही दगडांच्या. भूगर्भशास्त्र म्हणतात त्याला. तीन वर्षं दगड फोडायचे आणि कोण किती जुना ते सांगायचं. मी म्हटलं, आपल्या घराण्यात दगड काय कमी निघाले, घरबसल्या अभ्यास झाला असता. पण पोरीला दुसरं काही नकोच. खिडकीच्या कट्ट्यावर चौतीस दगड ओळीनं मांडलेत, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. पुसताना माझ्या हातून एकाची चिठ्ठी दुसऱ्याखाली गेली, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (मला सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच दिसतात आणि दगड मात्र वेगवेगळे. तिला सांगितलं, तर म्हणाली, तूच जायला हवं होतंस कॉलेजात.)

प्रवेशाला विज्ञान हवं, ते आहे. गणित हवं, तेही आहे. साठ टक्के हवेत, तिथं घोडं अडलं. तिला अठ्ठावन्न. पण तिनं नियमांचं पत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि तिथं एक ओळ सापडली, की ज्याचा पालक निरक्षर त्याला तीन टक्क्यांची सूट. तिचे आईबाप गेल्यापासून पालक मीच. मला तर हसू आवरेना. ज्या अडाणीपणापायी सासूनं मला चारचौघांत अंगठाबहाद्दर म्हणून हाक मारली, दवाखान्यात दुसऱ्याच खोलीच्या दारात मी सकाळभर बसून राहिले, त्या अडाणीपणाची कुणीतरी एकदाची किंमत केली. तीन टक्के का होईना.

गेल्या गुरुवारी आम्ही कचेरीत गेलो. पाच खिडक्या, चार बंद. उघड्या खिडकीत एक चष्मेवाला कारकून, बिचारा तोंडानं बरा. नात झेरॉक्सच्या रांगेत उभी होती, तेवढ्यात माझा नंबर लागला. घरातले जुने कागद असतील तेवढे दाखवा, म्हणाला. मी पिशवी उपडी केली आणि वर, मोठ्या अभिमानानं, तू दिलेली तसबीर ठेवली.

आठवते ना? तुझा सत्कार झाला त्या वर्षी काचेत बसवून दिली होतीस. वर शिक्का, चहूकडून वेलबुट्टी. मी विचारलं, काय लिहिलंय रे? तू एकेका ओळीखालून बोट फिरवत वाचलंस: थोरल्या ताईस, जिनं मला शाळेत पोचवलं, तिच्या धाकट्याकडून. मी ते पाठ केलं. तसबीर मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवली, किल्ली कमरेला. तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला पेटी न उघडता मी म्हणून दाखवत आले, अगदी नातीलासुद्धा. (तिनं कितीदा बघायला मागितली. मी म्हणायची, काच फुटेल.)

कारकुनानं काच पुसली, वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्ही तर साक्षर आहात. वाचन-लेखन परीक्षा उत्तीर्ण, शंभरपैकी बहात्तर."

मास्तर, घरात सगळ्यांत जास्त गुण माझे निघाले.

मी म्हटलं, अहो, मला वाचता आलं असतं तर हा कागद मी तुमच्या हातात दिला असता का? तो म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, तो अर्जात लिहा. काय लिहू? की मला लिहिता येत नाही. बरं, कुणाकडून लिहून आणू? तर म्हणे, चालणार नाही, अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात लागतो. तेवढ्यात नात आली. तिनं तसबीर वाचली, एकदा, मग पुन्हा, आणि पिशवीत कागद भरायला लागली. घरी येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. त्याचाच मला जास्त राग आला. रडली असती तर तिच्यावर ओरडले तरी असते.

सरकारनं तेव्हा गावं साक्षर करायला काढली होती, तुला शंभर माणसं शिकवायची होती आणि एक कमी पडत होतं, हे मला आता कळतं. तुझ्या सत्काराला मी पहिल्या रांगेत होते. शंभर जण साक्षर झाले म्हणाले, तेव्हा मी तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. त्या शंभरांत मी आहे हे कुणी सांगितलं असतं, तर जरा हळू वाजवल्या असत्या. आपल्या घरात पाटी एक होती, ती तुला मिळाली, त्याचं मला काही नाही. शाळेच्या फाटकापर्यंत तुझं दप्तर मी वाहिलं, त्याचंही नाही. फाटकात तू म्हणायचास, ताई, मी आधी शिकतो, मग तुला शिकवतो. तू फक्त दुसरी अर्धी गोष्ट कागदावर उरकलीस.

राग मानू नकोस. औषधं वेळेवर घे, आणि मोरीत जाताना जपून जा.

तुझी थोरली ताई

ता. क. शुक्रवारी यादी बंद होते. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेव्हा कचेरीतले मोठे साहेब म्हणाले, ज्या मास्तरांनी दाखला दिला त्यांनीच समोर येऊन लिहून दिलं, की या बाईला मी एक अक्षर शिकवलेलं नाही, तर दाखला रद्द होईल. एवढंच खरं एकदा लिही. शाळेच्या भिंतीवरच्या तुझ्या फलकावर शंभराचे नव्व्याण्णव होतील, आणि कुणी मोजायला येत नाही. गुरुवारच्या गाडीनं ये, अंथरूण घालून ठेवते. खाली अंगठा उमटवला आहे, साहेबांना दाखवायला हे पत्र बरोबर आण.

आणखी एक ता. क. हे नात लिहायला तयार नव्हती, मी दटावून लिहायला लावलं. तीन रात्री एकच विचार डोक्यात आहे. बहात्तर का रे? गुण तुझ्याच हातात होते. सख्ख्या बहिणीला खोटंच पास करायचं होतं, तर अठ्ठावीस कापलेस कशाबद्दल?