सात मिनिटांचा गोंधळ

दिल्ली, ता. ९ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप आबांच्या पायांवर बब्रुवानचा दंडवत.

आमी तिघंबी गोंधळी खुशाल हाव. जेवण वेळेवर मिळतं, थंडीला रजई दिलीया. आईला सांगा, पोरगं वाळलं न्हाय.

इथं मोठ्या हाटेलात परदेशी पाहुण्यांपुढं रोज आपला गोंधळ असतो. सात मिनिटं. कार्यक्रम ठरवणारे साहेब म्हणाले, गावोगावच्या देवांना बोलावण्यात वेळ जातो, तेवढं गाळा. सोनारीच्या भैरोबाचं नाव घेतल्याबिगर आपण कधी गोंधळ मांडला न्हाय, आबा. ते म्या गाळलं. गालिचा जळंल म्हणून दिवटीबी पेटवू देत न्हाईत. लाल कागद लावलेली बॅटरी हातात देत्यात. पहिल्या दिवशी रडू आलं. आता येत न्हाय.

तुमचा खोकला कसा हाय? घरच्या दिवटीला तेल कोण घालतं?

परवा खोलीत एकटाच होतो. म्हणलं, पहिल्यापासून समदा गोंधळ घालावा. संबळ घेतला. सात मिनिटं झाली तसा हात आपसूक थांबला, आन् पाहुण्यांना करतो तसा म्या भिंतीला वाकून नमस्कार केला. पुढचं आठवलंच न्हाय.

धुरपदाआत्याच्या दारचा गोंधळ औंदा तुमीच घाला.

तुमचा लेक,
बब्रुवान