मेलेल्या कोकराचं कातडं

आबा, लिहायला बसले तर पहिला डोळ्यांपुढं येतोय तो लासुर्ण्याचा आपला मेंढवाडा. तुमचा रक्ताचा कॅन्सर कळून सहा महिने झालेत. मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीला आलेय. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून तुमचं पोट टम्म झालंय, तरी तोंडाचा पट्टा चालूच. "काय करतीस गं तितं दिसभर? एकदा तरी सांग की!"

मग मी काठीनं धुळीत काढून दाखवलं. पेशीच्या आत निरोप फिरतात. त्यासाठी एका प्रथिनावर फॉस्फेटची खूण लागते. दुसऱ्या प्रथिनात खाच असलेला एक तुकडा असतो, त्याला एसएच-टू म्हणतात. तो खूण असेल त्यालाच धरतो, बाकीच्यांकडं ढुंकूनही बघत नाही. "तुमच्या आजारात ही धराधरी थांबतच न्हाय, आबा. वाढा, वाढा, एवढाच निरोप."

"म्हंजी मेंढी वासावर आपलंच कोकरू घेती, तसं," तुम्ही म्हणालात. आणि लगेच, "मग मेलेल्या कोकराचं कातडं घाल की!" पोरक्या कोकराच्या अंगावर तुम्ही मेलेल्याचं कातडं बांधायचात, त्या मेलेल्याची आई हुंगायची, फसायची आणि पाजायची. "खोटी खूण दाव त्याला. बसंल तितंच गुतून."

मी चिडले. "आबा, ती काय मेंढरं हायत?" खरं तर आम्ही तेच करत होतो. खोटी खूण लावलेला बारका तुकडा केला होता. काचेच्या नळीत तो खाचेत झकास बसायचा. पेशीच्या आत मात्र काही केल्या शिरायचा नाही. काय करावं, कुणालाच सुचत नव्हतं.

सुट्टी संपली तेव्हा मी नको म्हणत असताना मला सोडायला भिगवण स्टेशनापर्यंत आलात. फलाटावरच्या मासेवालीला सांगत होतात, "लेक माझी औषद करतीया माझ्यासाठी." मी ऐकलं, आणि गप्प गाडीत चढले.

तुम्ही कायमचे गेल्यावर आईनं सांगितलं. डॉक्टर उपचाराला मुंबईला जा म्हणून मागं लागले होते, आणि तुमचं एकच, "पोरीचं औषद येऊंद्या, मग बघू."

मी औषध करत नव्हते, आबा. त्या तुकड्याचा आकार बघत होते, बस्स. फलाटावर तोंड उघडायला हवं होतं. आता हा कागद कुठं पाठवू? तुमचा भ्रम मोडवेना म्हणून गप्प बसले, असं सगळ्यांना सांगते. खरं सांगू? ते ऐकायला मला गोड वाटलं होतं.