पांढऱ्या आकड्याखाली

सोमवार, ६ जून २०११

हंगामाचा पहिला दिवस. खांदा एकदम फर्स्ट क्लास. म्हणजे डावा. उजव्याचं जरा निराळं आहे, पण तो आजचा विषय नाही.

गेल्या जुलैत मी झाडावरून पडलो अशी गावात अफवा आहे. पडलो नव्हतो. घाईने उतरलो होतो. नंतर तीन आठवडे अंथरुणात होतो ते विश्रांतीसाठी.

संकल्प: जेवणाबरोबर वाइनचा एकच ग्लास. खांद्याबद्दल कुणापाशी ब्र काढायचा नाही. सव्वीस वर्षं बुचाच्या झाडांची साल काढतोय. पोर्तुगालच्या आख्ख्या आलेंतेजु प्रांतात अशी अखंड साल उतरवणारे चारच जण असतील. त्यातला दुसरा आबिलिओ. माझा जोडीदार आणि माझ्या मुलीचा धर्मपिता.

एका झाडाला दोघं लागतात, एक वर बेचक्यात, एक खाली. इतकी वर्षं आळीपाळीने चढायचो. आज त्याला म्हटलं, यंदा तूच चढत जा, तू माझ्यापेक्षा चार किलोने हलका. तो लगेच चढला. गुणी माणूस.

मंगळवार, ७ जून

एव्होराहून एक डॉक्टरीणबाई आल्या. ग्रासा नाव. कामगार उभे कसे राहतात, वाकतात कसे, याचा अभ्यास करतायत म्हणे. कॅमेरा आणि फॉर्म घेऊन आल्या होत्या.

दुखतं का, शून्य ते दहा? मी लिहिलं, शून्य. कामाची भीती वाटते का? शून्य. झोप? उत्तम. (कुशीवर वळता येत नाही, पण तो झोपेचा प्रॉब्लेम नाही, जागेपणाचा आहे.)

मग माझं शूटिंग केलं. बघून म्हणाल्या, काका, घाव घालायच्या आधीच तुमचा खांदा कानापर्यंत वर जातो. अजून दुखलेलं नसतं, पण शरीर आधीच धास्तावतं. मी म्हटलं, बाई, ती माझी स्टाइल आहे. आबिलिओ झाडावरून हसला. वर बसून हसायला काय जातं.

त्यांचं एक वाक्य मात्र पटलं. हत्यार माणसाच्या मापाचं हवं, माणूस हत्याराच्या मापाचा नव्हे.

बुधवार, ८ जून

संध्याकाळी कुऱ्हाडीचा दांडा वीतभर कापला. वजन कमी, ताण कमी, झोका आटोपशीर. याला शास्त्र म्हणतात. देओलिंदा म्हणाली, कापायच्या आधी आबिलिओला विचारायचं होतं. बायकोला हत्यारातलं काय कळतं?

गुरुवार, ९ जून

दांड्याचं टोक पाचरीसारखं तासलेलं असतं. सालीला चीर पाडायची, टोक आत सारायचं आणि साल उचकटायची. काल मी नेमकं तेच कापलं. सकाळी पहिल्या झाडाशी लक्षात आलं.

ही चूक नव्हे. पद्धत बदलली एवढंच. आता पात्यानेच उचकटतो.

आबिलिओने विचारलं, दांड्याला काय झालं रे? म्हटलं, उंदीर. तो म्हणाला, उंदराने करवतीने खाल्लेला दिसतोय, घे, माझ्याकडे जास्तीची कुऱ्हाड आहे. मी घेतली नाही. माणसाला मान असतो.

तिसऱ्या झाडाला पातं आत गेलं. बुचाच्या आतल्या सालीला आमच्यात आई म्हणतात. बूच काढलं तर झाड नऊ वर्षांत नवं बूच घालतं, पण आईला घाव लागला तर तिथे गाठच येते. जखम उभी, वीतभर, ओली. आबिलिओ वर होता. मी जखमेला चिखल फासला.

मंगळवार, १४ जून

आतापर्यंत एकूण सहा जखमा.

होतं असं की दुखेल म्हणून पहिला घाव हलका बसतो. साल तडकत नाही. मग मला राग येतो, आणि दुसरा घाव वाजवीपेक्षा खोल जातो. दोष माझा नाही, सालीचा आहे. यंदा पाऊस कमी झाला.

एक चांगली कल्पना सुचली. साल काढलेल्या प्रत्येक बुंध्यावर वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने काढतात, पुढची नऊ वर्षं मोजायला. हे काम कुणालाच नको असतं. मी एर्मिनिओ मुकादमाला म्हटलं, मी काढतो आकडे, फुकट. तो म्हणाला, तुझी तब्येत बरी आहे ना?

देवाची कृपा, यंदा अकरा आहे. एकचा आकडा उभा. जखमही उभी. गेल्या वर्षीच्या शून्याखाली काय लपलं असतं?

शुक्रवार, १७ जून

रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाला आज तीन घाव लागले. आबिलिओ वरून दोनदा म्हणाला, सावकाश, गड्या. मी म्हटलं, तू तुझं बघ.

तिन्ही झाकावे लागले. आता त्या झाडावर एकशे अकरा लिहिलेलं आहे. दुरून बरं दिसतं.

संकल्प: सोमवारी आबिलिओला सगळं सांगायचं. खांदा, चढायची भीती, आकडे, सगळं.

सोमवार, २० जून

फार ऊन होतं. असल्या उन्हात असले विषय काढू नयेत.

कामावरून आल्यावर देओलिंदाने बळेच दवाखान्यात पाठवलं. रांग मोठी असणार हे न बघताच कळत होतं, म्हणून कॅफेत बसलो. घरी येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणाले काही नाही. तिने विचारलं, डॉक्टर बाई होती की पुरुष? मी म्हटलं, दोन्ही. पानात सूप गार आलं.

बुधवार, २२ जून

रंगाने दगा दिला. जखमांतून रस पाझरला आणि पांढरे एक कॉफीसारखे तपकिरी झाले. एर्मिनिओ एकशे अकरापाशी बराच वेळ उभा होता. नखाने रंग खरवडत होता.

जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, कुठलं शतक चाललंय रे हे? मग हसायचं थांबून म्हणाला, अकरा झाडं जखमी आहेत, सगळी एकाच जोडीची. कुऱ्हाड कुणाची?

माझ्या तोंडात पाव होता. गिळून बोलावं म्हणून गिळत होतो. तेवढ्यात आबिलिओ म्हणाला, माझी.

मी गिळतच राहिलो. पाव कोरडा होता.

एर्मिनिओने त्याची कुऱ्हाड काढून घेतली. आता तो काढलेली साल गोळा करून ट्रॉलीत लादतो, नवशिक्यांबरोबर. चोपन्न वर्षांचा माणूस. पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव नसेल, असंही एर्मिनिओ म्हणाला.

मी असा विचार करतो की आबिलिओने हे स्वखुशीने केलं. मित्राच्या मोठेपणात आपण लुडबुड करू नये.

गुरुवार, २३ जून

सुट्टी. चर्चची मिरवणूक. आबिलिओची बायको नेहमी आमच्या शेजारी उभी राहते. आज चौकाच्या पलीकडे उभी राहिली. देओलिंदाने विचारलं, यांचं काय बिनसलंय? म्हटलं, ऊन लागत असेल इकडे. आम्ही सावलीत होतो.

शुक्रवार, २४ जून

नवा जोडीदार विसेंत. तोंडाचा फटकळ. म्हणाला, कुस्तोदिओ, आज तू वर, माझा गुडघा धरलाय. चौथ्या पायरीवर मी शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली. खांद्याचा संबंधच नव्हता. खांदा त्या वेळी मुळीच दुखत नव्हता. नुसती भीती होती.

खाली उतरलो. विसेंत म्हणाला, आबिलिओ तुला हंगामभर पाठीवर घेऊन फिरत होता की काय?

हे मी लिहायला नको होतं. पण लिहिलं.

सोमवार, २७ जून

ट्रॉलीपाशी गेलो. आबिलिओ सालीचे ढीग रचत होता. मी म्हटलं, तू उगाच माझ्यासाठी एवढं केलंस. हे मी मोठ्या मनाने म्हणालो असं मला वाटत होतं.

तो म्हणाला, पहिल्या घावापासून ठाऊक होतं मला. ओल्या सालीत पातं गेलं की आवाज वेगळा येतो, सव्वीस वर्षं सालीचे आवाजच ऐकतोय. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. गुरुवारी नाही, तर सोमवारी. मग त्या दिवशी जेवताना म्हटलं, आपणच सुरुवात करून द्यावी. मी 'माझी' म्हटलं की हा लगेच उठेल, म्हणेल, नाही, माझी. मनात दहापर्यंत मोजलं. मग परत दहापर्यंत.

मी म्हटलं, माझ्या तोंडात पाव होता.

तो म्हणाला, बघितलं मी. आणि पुढचा ढीग उचलायला वाकला. वाकताना त्याने कमरेला हात लावला. त्याचीही कंबर दुखते हे मला माहीतच नव्हतं. हंगाम सुरू झाल्यापासून वर तोच चढत होता आणि मी एकदाही विचारलं नाही.

मला माझी लाज वाटते. याला पुढे कारण जोडायचं होतं, पण सापडलं नाही.

मंगळवार, २८ जून

एर्मिनिओकडे गेलो. घरून भाषण तयार केलं होतं, त्यात पावसाचा आणि दांड्याचा उल्लेख होता. प्रत्यक्षात एवढंच म्हणालो, कुऱ्हाड माझी होती. खांदा दुखतो. वर चढायला भीती वाटते.

एर्मिनिओ म्हणाला, सहा दिवस लागले तुला. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी आम्हाला शूटिंग दाखवलं, घावाआधी तुझा खांदा कसा वर जातो ते दिसलं. आबिलिओला त्याच दिवशी कुऱ्हाड परत देत होतो. तोच म्हणाला, थांबा, कुस्तोदिओ येईल.

म्हणजे सोमवारीही तो वाटच बघत होता. आणि मी त्याचे उपकार मानायला गेलो होतो.

गुरुवार, ३० जून

आबिलिओ परत झाडावर. खाली विसेंत. पुढच्या यादीतही आबिलिओचं नाव आहे, माझ्याबद्दल एर्मिनिओ म्हणाला, बघतो. तोवर मी रंगाची बादली घेऊन त्यांच्या मागून फिरतो. फुकट नाही, पण जवळजवळ तसंच.

ग्रासाबाई नवा फॉर्म घेऊन आल्या. दुखतं का? लिहिलं, सात. भीती? नऊ. म्हणाल्या, काका, त्या दिवशी शून्य होतं. मी म्हटलं, त्या दिवशी हात दुखत होता, नीट लिहिता आलं नाही.

दुपारी आबिलिओच्या झाडापाशी बराच वेळ उभा होतो. बुंधा तांबूस, गुळगुळीत, कुठे ओरखडासुद्धा नाही. आकडा कुठे काढावा सुचेना. झाकण्यासारखं काही नव्हतं. तो वरून म्हणाला, काय बघतोस, काढ की. काढला. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, वाकडा आहे.

आज एकूण बावन्न झाडं. प्रत्येकी एकच आकडा.