कमी उलटणारी गाडी

२ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. मीही गाडी घेणार. दोन वर्षं क्लबच्या मैदानावर त्याच एका कोपऱ्यात उभा राहून लोकांच्या रिमोटच्या गाड्या सरळ करतोय — उलटली की धाव, चाकांवर ठेव, मागे हो. आज सेक्रेटरींना म्हटलं, सोळा तारखेच्या शर्यतीत माझं नाव लिहा. ते हसले. "काका, उचलण्यात तुमचा हात कोण धरणार? कशाला नसत्या भानगडीत पडता?"

डॉक्टर शेजारीच होते. सगळ्यात महागडी गाडी त्यांची. "चष्मा सांभाळा म्हणजे झालं."

लिहा म्हटलं. लिहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बायको — "पन्नाशीला आलात. या वयात लोक नातवंडांना खेळणी घेतात." खोटं कुठे बोलली?

पण घेणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कारखाना सुटल्यावर दुकानात. दुकानदाराने चारही चाकांना जोर असलेली चकचकीत गाडी काढली. "स्वस्तातली सगळ्यात वेगवान. नवशिक्याला हीच बरी." असेल. पण तिच्या पुढच्या चाकाचा दांडा पहिल्याच धडकेत मोडतो. मोडक्या मीच तर उचलून आणतो!

मी मागच्या चाकांवर पळणारी, जुन्या पद्धतीची मागितली. "अहो, ती कुणी नेत नाही." क्लबात एका पोस्टमनकडेच आहे. दोन वर्षांत ती फार तर चारदा उचलली असेल. डॉक्टरांची दर रविवारी चारदा उचलतो. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, ऐकलेलं विसरतं, हाताळलेलं राहतं.

सुटे भाग मिळतात ना, एवढं विचारलं. हीच द्या म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी देवापुढे बसलो. जिंकू दे असं मागितलं नाही. हात थरथरू नयेत, एवढंच.

थरथरले नाहीत. तिसऱ्या फेरीला डॉक्टर पहिले, मी दुसरा. तेवढ्यात माझ्या नेहमीच्या कोपऱ्यावर त्यांची गाडी उलटली — आणि मी रिमोट कठड्यावर ठेवून धावलो. तिथे उभा केलेला नवा माणूस बघतच राहिला. डॉक्टरांची गाडी चाकांवर ठेवली, वळून पाहतो तर माझी कुंपणात.

मैदान पोट धरून हसलं. डॉक्टर पहिले आले. "सवय जात नाही, काका."

घरी सगळं सांगितलं. बायको हसली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गाडी उघडून पाहिली. काहीही मोडलेलं नाही. निवड चुकली नव्हती, माणूस चुकला. या रविवारीही नाव दिलंय. हसोत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सेक्रेटरींचा फोन. नवा माणूस यायला नाही म्हणतोय. "काका, शर्यत सोडा, कोपरा धरा. सगळ्यांचीच सोय होईल." मी तोंड उघडायच्या आत बायकोने फोन घेतला — "ते शर्यतीत आहेत. कोपऱ्यावर मी उभी राहते."

मग माझ्याकडे वळली. "डॉक्टरांची उलटली तर मी बघेन. तुम्ही जागचं हलायचं नाही."